आत्याबाईंनी न पाहिलेला सिनेमा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मला हसू येतं. आधीही यायचं, आजही येतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं धजले नाही... पण घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर.

स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मंगरूळपीरला गावाबाहेर आमचा वांगी-मिरच्यांचा मळा. शेजारच्या पडीत जागेत गुलाबभाऊंनी सिनेमाचा तंबू ठोकला होता. पाणी आमच्या विहिरीचं, त्यामुळे रोजचं येणं-जाणं. इंझोरी, शेलूबाजारकडून लोक बैलगाड्या जुंपून येत आणि खेळ सुटल्यावर अंधारात परतायची पंचाईत होई. म्हणून भाऊंनी ठरवलं – दिवस उगवेपर्यंत नुसते भुताचे सिनेमे! लोक जागे राहिले तर तंबू महिनाभर टिकणार, पेंगले तर गाशा गुंडाळायचा.

सिनेमाच्या पेट्या पाच, रात्रीत बसणार तीन. भाऊ भर दुपारी आमच्या मांडवात बसून एकेक स्टोरी सांगू लागले आणि माझ्या सासूबाई – मी त्यांना आत्याबाई म्हणे – मिरच्यांचे देठ खुडता खुडता निकाल देऊ लागल्या. बाईंनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता!

"हे भूत लयच रडते, भाऊ. लोकं झोपतीन. नको."

"अन् हे विहिरीतलं?"

"हे पयलं लावा. बाया एकमेकीले चिपकून बसतीन, कोनी उठनार नाही."

दुसराही ठरला. शेवटी भाऊंना कवटीवाला लावायचा होता. आत्याबाईंनी मान हलवली.

"पहाटं भेव नको. हासत घरी जाऊ द्या लोकाइले. शेवटी थे जिन्यावरच्या बाईचं लावा."

"कोन्ती बाई?"

"कंदील घेऊन जिना उतरते ना, थे! सारे पयतात... अन् मंग समजते का भूत नोहे, सैपाकीन हाये. चोरून लोनचं खायाले जाते!" आणि स्वतःच खो खो हसल्या.

भाऊ चपापले. चार स्टोऱ्या त्यांनी सांगितल्या होत्या. पाचवी पेटी सकाळीच अकोल्याहून मोटारीनं आलेली, सीलही तसंच. आत काय आहे, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

"काकू, तुमाले कोनं सांगतलं हे?"

"घ्या! तुमीच त सांगतलं आत्ता!"

मी शेजारीच बसले होते. भाऊंनी सांगितलं नव्हतं.

"लावतोच शेवटी," भाऊ म्हणाले. "होऊ दे काय व्हायचं थे."

त्या रात्री पहिल्या दोन खेळांना तंबूत नुसत्या किंकाळ्या. कोणी पापणी मिटली नाही. मग तिसरा लागला... आणि पडद्यावर कंदील घेतलेली बाई जिना उतरू लागली. मी आत्याबाईंचा दंड घट्ट धरला. बाईनं बरणीत हात घातला अन् अख्खा तंबू हसून लोटपोट! मीही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. भीती कुठल्या कुठे गेली. भाऊंचा तंबू महिनाभर राहिला.

आता तुम्ही म्हणाल, कोणीतरी सांगितलं असेल. मीही तसंच मनाला समजावत होते. पण उजाडता उजाडता बांधावरून घरी येताना आत्याबाई अगदी सहज म्हणाल्या,

"काहून वं, त्या बाईचं लुगडं त हिरवंगार हाये. इथं कायंभोर कायले दाखवलं?"

सिनेमा तर काळा-पांढरा होता... हिरवा रंग त्यांनी पाहिला तरी कुठे?