व्याह्यांना नदीत कोणी ढकललं?

नोकरीतले पुष्कळ गुन्हे आता विसरलो. पण ज्या तपासात मी स्वतः गणवेशासकट पैनगंगेत पडलो, तो विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. उमरखेड तालुक्यात नदीजवळच्या एका ठाण्यात मी नवा ठाणेदार होतो. तुळशीची लग्नं उरकून लग्नसराई लागली होती. एका दुपारी काठावरच्या गावचा कोतवाल धापा टाकत आला.

"साहेब, नवरदेवाच्या बापाले नदीत बुडवून मारलं!"

खुनाची खबर म्हटल्यावर मी जमादार आणि दोन शिपाई घेऊन सायकलींवर निघालो. घाटावर पोचलो तर मयत इसम वाळूत बसून धोतर पिळत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देत होते. खबर तोंडातोंडी वाढते हे मला माहीत होतं, पण जिवंत माणूस मारण्याइतकी वाढते हे नवं होतं.

वऱ्हाड पलीकडच्या मराठवाड्यातून नावेनं आलं होतं. पुढच्या टोकाला नवरदेवाचे मामा, त्यांच्या मागे नवरदेवाचे वडील आणि वडिलांच्या मागे नवरीचा भाऊ. हा भाऊ हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर. त्याला वडील नव्हते, त्यामुळे बहिणीच्या लग्नाचा सगळा भार त्याच्यावर, आणि वऱ्हाड आणायलाही तोच गेला होता. नाव काठाशी येऊन थांबली, नावाडी दोर बांधणार तेवढ्यात व्याही, म्हणजे नवरदेवाचे वडील, पाण्यात पडले.

"मला ह्या मास्तरनं मागून ढकललं," व्याह्यांनी फिर्याद दिली. "ह्याला आत टाका, नाही तर माझं पोरगं बोहल्यावर चढत नाही!"

मुहूर्त गोरज होता. नवरी अंगाला हळद लावून मांडवात बसली होती.

"मी कायले ढकलू साहेब?" मास्तर रडकुंडीला आला होता. "माह्या बहिणीचं लगन आहे."

मी जबाब घेतले. मास्तरचा हात व्याह्यांच्या पाठीला लागलेला नावेतल्या एकूण एक वऱ्हाड्यानं पाहिला होता. मास्तरला बाजूला घेऊन दरडावलं, "खरं सांगा, हात लागला की नाही?"

"लागला. त्याइचा तोल जाऊन राह्यला होता, म्हणून धराले गेलतो."

हात लागला म्हणणारा आरोपी अर्धा कबूल झाला, असं आम्ही धरत असू. जमादार बेड्या चाचपू लागला.

"मग ढकललं कोणी?"

"मामाजीनं."

"मामा तर त्यांच्या पुढे होते!"

"म्हणूनच त साहेब! नाव थांबली होती, म्हंजे संवेग शून्य. मामाजीनं काठावर उडी घेतली. ते पुढं गेले, त नावेले तेवढ्याच हिशेबानं मागं जा लागते. बेरीज शून्याची शून्यच. नाव मागं सरकली अन् उभा माणूस पाण्यात. दर साली शिकवतो मी पोराइले हे."

संवेगावर कोणतं कलम लावायचं, ते जमादारालाही ठाऊक नव्हतं. मी मामांना गाठलं.

"उडी? मी?" मामा म्हणाले. मामांचा देह ज्वारीच्या भरल्या पोत्यासारखा. "सावकाश पाय टाकला हो."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडे गेलं. काठावर नवरीकडची मंडळी हार घेऊन उभी होती, आणि पहिला हार मेहुण्यांच्या, म्हणजे व्याह्यांच्या, आधी मामांच्या गळ्यात पडला होता. मेहुण्यांसमोर मामा हारासाठी उडी घेतल्याचं मरेपर्यंत कबूल करणार नव्हते.

मी घटनास्थळाचा पंचनामा करायचं ठरवलं. मामांना पुन्हा नावेच्या टोकावर उभं केलं. व्याह्यांच्या जागी मी, माझ्या मागे कोणी नाही. मास्तर काठावर जमादाराच्या ताब्यात. नाव काठाशी येऊन थांबली. मामा सावकाशच उतरणार हे मी ओळखून होतो, म्हणून मोठ्यानं म्हणालो, "जमादार, आता पहिला हार नवरदेवाच्या काकांना घाला!"

काका काठावरच होते. त्यांनी मान पुढे केली मात्र, मामांनी झेप घेतली. माझ्या पायाखालून नाव सरकली आणि मी कमरेएवढ्या गार पाण्यात पडलो. टोपी मराठवाड्याकडे निघाली.

ठाणेदाराला हसायची कोणाची छाती होईना. शेवटी व्याह्यांनाच राहवलं नाही.

"साहेब," ते पोट धरून म्हणाले, "तुम्हाला कोणी ढकललं हो?"

हसता हसता ते मामांकडे वळले आणि हसायचे थांबले. मामांनी गळ्यातला हार काढला, मेहुण्यांच्या गळ्यात घातला आणि पाया पडले. फिर्याद मागे घेतली गेली. मुहूर्त टळला नाही, आणि पंगतीत मी नवरीच्या काकांच्या धोतरात जेवलो.

दहा साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की ते दहाही जण पडणाऱ्याकडेच बघत होते असं समजावं, हे मी त्या तपासात शिकलो. उडी मारणाऱ्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. पुढे चोरी, मारामारी, सगळ्या तपासांत मला हे उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परत निघालं, तेव्हा बंदोबस्ताच्या नावाखाली मी घाटावर गेलो. नावेत सगळे शहाण्यासारखे खाली बसले होते, मामा तर दोन्ही हातांनी फळी धरून. वजनानं नाव वाळूत रुतली होती.

"मास्तर, ढकला जरा!" नावाडी ओरडला.

मास्तरनं नावेत बसलेल्या बहिणीकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही हात लावून नाव लोटली. नाव सुटली, तसा तो मागे जाऊन वाळूत बसला. या खेपेला कोणी हसलं नाही. नाव पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो तसाच बसून होता. मी हाताला धरून त्याला उठवलं आणि घरी पोचवून आलो.