मानेमागची गाठ

वानखडे बाईंनी स्वतःच्या गळ्यातला रुमाल स्वतः बांधलेला मी कधी पाहिला नाही. अमरावतीतल्या आमच्या मुलींच्या पथकात दर रविवारी कवायतीआधी रांग लागायची. मागच्या मुलीनं पुढचीच्या मानेमागं गाठ मारायची. शेवटच्या मुलीची गाठ बाई मारत आणि बाईंची रांगेतली पहिली मुलगी. “आपल्या मानीमांगं आपल्याले दिसते का? मंग दुसऱ्याच्या हाती द्याव लागते,” असं त्या म्हणत.

बाई मूळच्या भातकुलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. आवाज असा की मैदानाबाहेरचा चहावालाही सावधान उभा राहील. कुणी कुरकुरलं की विचारत, “काहून व, पाय दुखून राहिले का तोंड?” मी सात वर्षं त्यांची मदतनीस होते आणि माझी ऋचा त्याच पथकात होती.

समीक्षा आली तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेच्या कागदांवर तिचं नाव मुलाचं होतं, पण तिला विचारलं तर ती समीक्षाच सांगायची. फुलांचं दुकान चालवणारे तिचे वडील तिला सोडायला आले तेव्हा नजर खाली घालून उभे होते. बाईंनी हजेरीत ‘समीक्षा’ लिहिलं आणि तिला ऋचाच्या पुढे उभं केलं. मुलींनी एकदा काय ते विचारून घेतलं आणि खेळायला लागल्या. तीन महिने काही बिघडलं नाही.

मग कुणाच्या तरी वडिलांनी ‘मुलींच्या पथकात मुलगा’ असं लिहून तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. संध्याकाळपर्यंत आमच्या मुलींची काळजी अर्ध्या गावाला लागली. मैदानावर या मुलींना साधी मुतारी नाही, त्याबद्दल यांतल्या एकानंही कधी तोंड उघडलं नव्हतं. मला त्यांचा संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो, कारण तिला काढा म्हणणाऱ्या निवेदनावर माझीही सही आहे. घरी मी ऋचाला बजावलं, “तिच्या रुमालाला हात लावायचा नाही.”

त्या रविवारी रांग लागली. बाकी सगळ्या मुलींच्या गाठी झाल्या. समीक्षा रुमालाची दोन टोकं मानेमागं धरून उभी राहिली आणि ऋचा हात पाठीशी बांधून माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी ऋचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आईनं सांगलं ना? मंग तुह्या काही दोष नाही,” त्या ऋचाला म्हणाल्या. त्यांनी स्वतः समीक्षाची गाठ मारली आणि तिच्यापुढं पाठ करून उभ्या राहिल्या. “आता तू माही बांध.”

कवायत संपल्यावर त्या मला म्हणाल्या, “पोरगी काय आहे ते तिले कवाचंच समजलं. तुमी काय आहा, ते तुमाले आज समजलं असन.”

पुढच्या आठवड्यात पथक चालवणाऱ्या समितीनं बाईंना बोलावलं. त्यांनी शिट्टी टेबलावर ठेवली. “मी तिले काढत नाही. हे घ्या तुमची शिट्टी, वाजवत बसा.” त्या गेल्या तशी समीक्षाही गेली. शिट्टी समितीनं माझ्या गळ्यात घातली आणि मी ती घालून घेतली.

बाई गेल्या वर्षी अकोल्याला, लेकीच्या घरी वारल्या. मी पोचले तेव्हा त्यांच्या गळ्यात पथकाचा रुमाल होता. उशाशी समीक्षा बसली होती, आता चांगली उंच झालेली. गाठ कुणी मारली हे मला विचारावं लागलं नाही. तिनं मला ओळखलं आणि जागा करून दिली. तिनं तोंडावर चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

आता त्याच समितीनं बाईंचा फोटो लावून त्याला हार घातलाय. रांग अजून लागते. पहिली मुलगी माझ्याजवळ येते आणि परत जाते. मी रुमाल घरूनच बांधून आलेली असते.