सारेमने वाढवलेली दोन वर्षं

पडदा वर जातो तो एका रांगेवर. मागे थायलंडच्या सरहद्दीवरची छावणी, निळ्या ताडपत्रीची छपरं, पावसाने झालेला तांबडा चिखल. पुढे एक टेबल, टेबलामागे चष्मेवाला कारकून, कारकुनामागे तांदळाची पोती. साल १९८०. रांगेत एक हडकुळी बाई उभी आहे, कडेवर पोर. ती सारेम. तिच्या मागे मी, कोसाल, कंबोडियातल्या बातंबांगच्या नाटक मंडळीतला विदूषक.

सारेम आमच्या मंडळीची शिंपीण. आमच्या नर्तकींचे पोशाख अंगावरच शिवतात, खेळ संपला की उसवतात. रोज संध्याकाळी सहा मुली सारेमपुढे उभ्या राहायच्या आणि ती तोंडात टाचण्या धरून एकेकीला जरीत बंद करायची. तोंडात टाचण्या असल्यामुळे तिला फार बोलायची सवयच लागली नाही. खोटं बोलायची तर मुळीच नाही.

"पोराचं वय किती सांगणार आहेस?" मी मागून विचारलं.

"साडेतीन. आहेच तो साडेतीनचा."

"खरं वय घरात ठेव. पाच पुरी झालेल्याला मोठं माप मिळतंय. पाच सांग."

"दादा, हा पाचाचा दिसतो का?"

"इथे कोण वयाचं दिसतंय? मला बघ, पस्तिशीत प्रेत झालंय माझं. पाच सांग. आणि सांगताना खाली बघू नकोस. चोरी केल्यासारखा आवाज नको. हं, म्हण."

तीनदा म्हणवून घेतलं. पोर, विबोल त्याचं नाव, तिच्या खांद्यावर मान टाकून ऐकत होतं.

"वय?" कारकुनाने विचारलं.

"पाच पुरी. सहावं चालू," सारेम म्हणाली. 'सहावं चालू' मी शिकवलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"बाप?"

"नेला."

त्या दिवसांत यापुढे कुणी विचारत नसे. कारकुनाने लिहिलं: जन्म १ जानेवारी १९७५. कागदावर आम्हा सगळ्यांचाच जन्म एक जानेवारीचा. खरं म्हणजे विबोल जन्मला ७६ च्या डिसेंबरात, भातकापणी चालू असताना. नाळ कापायचा विळा उकळत्या पाण्यात मी धरला होता. पण मोठं माप मिळालं. पोराच्या गालावर महिन्याभरात मांस दिसायला लागलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात यशस्वी तालीम ती, असं मी वीस वर्षं सांगत होतो.

८३ साली एका चर्चने आम्हाला अमेरिकेत, लाँग बीचला आणलं. शाळेने कागद बघून विबोलला त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलांत बसवलं. भाषा नाही, अंग नाही, वर्गातला सगळ्यात बुटका. रोज मार खायचा. सारेम शाळेत जाऊन मास्तरणीला हाताने उंची दाखवून आली. मास्तरणीने कागद दाखवला. पुढे त्याला मारणारे थांबले, कारण आमच्याच वस्तीतली टोळीतली पोरं त्याच्या मागे उभी राहायला लागली. "मावशी, आता काळजी सोडा," ती पोरं सारेमला म्हणायची. तिची काळजी तिथूनच सुरू झाली.

ती एका कारखान्यासाठी घरी बसून गाऊन शिवायची. निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी तिला सांगितलं, "तुम्ही नागरिक व्हा. नवरा नाही, म्हणजे तुम्ही एकट्या झालात तरी पुरे. अठराच्या आतलं मूल आईबरोबर आपोआप नागरिक होतं, त्याला वेगळी परीक्षा नाही." एवढं ऐकून ही बाई मशीनशेजारी शंभर प्रश्नांची यादी चिकटवून बसली. दोनदा नापास झाली. मी परीक्षक होऊन सराव घ्यायचो.

"झेंड्यावर पट्टे किती?"

"दादा, रोज तेच काय विचारतोस? तेरा. कपड्यातलं मला विचारू नकोस, राष्ट्राध्यक्षांचं विचार."

९३ च्या एप्रिलमध्ये तिने शपथ घेतली. घरी आली, हातात छोटा झेंडा, पोराच्या डोक्यावर टपली मारली. "ऊठ रे, अमेरिकन! आपण दोघंही झालो."

"मी काय केलं?" विबोलने अंथरुणातूनच विचारलं.

"काही नाही केलंस, म्हणूनच तर! आईच्या पदरात बसून आलास."

तिच्या लेखी तो सोळा वर्षांचा होता. खरोखरच होता. कागदावर मात्र त्याला अठरा पुरी होऊन तीन महिने उलटले होते. हे तिच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. त्याचं वेगळं प्रमाणपत्र काढायचं असतं म्हणे. "काढू सावकाश," ती म्हणाली. आपल्या पोराचं वय आईला ठाऊक असताना कागद कशाला बघायचा?

९७ मध्ये त्या टोळक्याने एक दुकान लुटलं. गाडी विबोल चालवत होता. पाच वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने भोगली, गुन्हा कबूल केला होता, कुरकुर केली नाही. सुटायच्या दिवशी सारेम आंबट कालवणाचा डबा घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी होती. फाटकातून तो बाहेर आला तो दुसऱ्याच खात्याच्या माणसांबरोबर. नागरिक नाही, गुन्हेगार आहे, कंबोडियाला परत पाठवायचा. ती डबा पुढे करत राहिली. गाडी निघून गेली.

आमच्या वस्तीतलीच मोलिका नावाची पोरगी वकील झाली होती. तिने केस घेतली. "मावशी, सगळं एका गोष्टीवर आहे," ती म्हणाली. "शपथेच्या दिवशी तो सोळाचा होता हे सिद्ध झालं, तर तो तेव्हाच नागरिक झाला. नागरिकाला कुणी हाकलू शकत नाही. पण तुम्हाला कोर्टात म्हणावं लागेल की सरकारी कागदावर तुम्ही खोटं सांगितलं. उद्या तुमच्याच नागरिकत्वावर येईल."

"येऊ दे," सारेम म्हणाली. "आम्हा दोघांनाही एकाच बाजूला बसव. कुठली ते तू बघ."

जन्माचा दाखला नव्हता. आमच्याकडे ७५ ते ७९, त्या राजवटीच्या चार वर्षांत दाखले देत नव्हते, माणसं नेत होते. साक्षीदार एकच उरला होता, मी.

सारेमने तिचं सांगितलं, दुभाष्यामार्फत, खाली बघत. मग माझं नाव पुकारलं. मी इस्त्रीचा कोट घालून गेलो होतो. सरकारी वकील तरुण होता, अगदी गोड बोलला.

"तुम्ही नट होतात?"

"विदूषक," मी म्हटलं. "बातंबांगपासून नदीकाठच्या गावांपर्यंत लोक मला नावाने ओळखायचे."

"आणि या बाईंना खोटं वय सांगायला तुम्ही शिकवलंत?"

"हो. मीच."

"कसं शिकवलंत?"

समोर अकरा माणसं बसली होती. तीस वर्षांत एवढं लक्ष देऊन मला कुणी ऐकलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. कारकुनाचा चष्मा केला, सारेमचा पडका आवाज काढला, मग माझा, मग तिचा सुधारलेला. "पाच पुरी. सहावं चालू!" दुभाष्या हसला. न्यायाधीशबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मी सारेमकडे बघितलं. ती हसत नव्हती.

"फारच छान," वकील म्हणाला. "आणि आजच्या साक्षीची तालीम किती दिवस घेतलीत?"

मी कारकुनाचा तो हाताचा चष्मा डोळ्यांवरून काढला आणि खाली बसलो.

निकालपत्रात लिहिलं होतं की एकाच तोंडाने दोनदा दोन तारखा सांगितल्या आहेत, आणि साक्षीदार पढवण्यात वाकबगार आहे. म्हणून कागद ग्राह्य. अपिलातही तेच. विबोलला नोम पेन्हच्या विमानात बसवलं. जो देश त्याने तीन वर्षांचा असताना आईच्या कडेवरून सोडला होता, तिथे. तिथले लोक त्याला अमेरिकन म्हणतात. सारेमचं नागरिकत्व कुणी काढून घेतलं नाही. तेवढी उदारता त्यांनी दाखवली, आणि तिला ती जन्मभर बोचली.

ती आठवड्यातून एकदा त्याच्याशी फोनवर बोलायची. जाऊन भेटायचं म्हणायची, पण तोवर फुप्फुसं गेली होती. शेवटच्या आजारात मी रोज दुपारी इस्पितळात जायचो. एवढी वर्षं आम्ही कोर्टाबद्दल एक शब्द काढला नव्हता. एका दुपारी मला राहवलं नाही.

"सारेम, तुझं घर मी मोडलं. तेव्हा रांगेत, आणि परत कोर्टात."

तिने डोळे उघडले. श्वास घ्यायला वेळ लागत होता, म्हणून तुटक तुटक बोलली.

"कोर्टातलं तुझ्या माथी. ते नाही सोडणार मी. रांगेतलं नाही. तू तेव्हा बोलला नसतास, तर इथून हाकलायला यांना कुणी मिळालंच नसतं." मग म्हणाली, "आता रडू नकोस, दादा. उशी जरा वर कर."