वानखडे सर, दोन हार आणि मोडलेला सौदा

अकोल्याचे वानखडे सर भेटले नसते, तर माझा खोलीसोबती दिनेश बिनहाराचाच बोहल्यावर उभा राहिला असता. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी त्यांच्यावर वैतागणार आहे.

मी कुडाळचा. नववीत शाळा सोडली, आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात. दिनेशचं लग्न अकोल्याला, जठारपेठेत. हारांचं काम मी मोठ्या तोंडानं अंगावर घेतलं. अमरावतीहून नेले तर कोमेजतील, म्हणून तिथेच घ्यायचे ठरवून पहाटेची एसटी धरली. मूर्तिजापूरपुढे ती पंक्चर. दोन्हीकडे काळी शेतं, मध्ये मी, आणि चालक निवांत विडी ओढतोय!

अकोल्यात फुलवाल्यांची ओळ नुकतीच उघडत होती. पहिल्याच बाईंनी जोडीचे आठशे सांगितले. खोलीवरच्या पोरांची शिकवण होती, निम्म्यावरनं सुरू कर. म्हटलं, "चारशे."

"घे बाप्पा. बोहणी (दिवसाची पहिली विक्री) हाय."

इतक्या लगेच? फुलं शिळी असणार! "जरा पुढे बघून येतो."

"भाव तूच बोलला ना? मंग काहून (का) चालला?"

पुढच्या दुकानात मान हलली. "तिची बोहणी मोडून आला तू. आमी नाई देत." त्याच्या पुढेही तेच. हार समोर टांगलेले, पैसे माझ्या हातात, आणि कुणी विकेना! असला कसला बाजार? त्यात दिनेशचे फोनवर फोन.

तेव्हा दुर्वा घेणारे एक गृहस्थ वळले. हेच वानखडे सर, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले.

"अर्थशास्त्रात संस्थावादी म्हणून एक पंथ आहे," त्यांनी सावकाश सुरुवात केली. "ते म्हणतात, सौद्यात नुसती वस्तू हलत नाही, हक्क हलतो. तू चारशे म्हणालास, तिनं हो म्हटलं. तिथेच हार तुझे झाले, पैसे तिचे. आणि हा रिवाज राखायला अख्खी ओळ बसलीय."

"सर, मुहूर्त!"

"तेच सांगतोय. तंटा झाला की तिसरा माणूस लागतो. आता पूर्वी..."

"सर!!"

शेवटी पहिल्या बाईंकडे निघाले एकदाचे. "कमलाबाई, पोरगा परमुलखातला हाय. चुकला."

मी घाईघाईनं आठशे पुढे केले. बाईंनी चारशे परत माझ्या हातात कोंबले. "बोलला तेवढेच घेईन. तुयी दया नाई पायजे मले."

लगेच शेजारचा म्हणतो, "गजरे पाहिजेत का भाऊ?" मघाशी यानंच तोंड फिरवलं होतं!

सरांनी स्कूटरवर बसवलं. व्याख्यान चालूच, तेही मागे मान वळवून. मी हार सांभाळत ओरडतोय, "समोर बघा, सर!" मांडवात अंतरपाट धरायचाच बाकी होता. "पण खरा प्रश्न असा आहे की..." सर म्हणाले, आणि मी उडी मारून पळालो.

परतीच्या बसमध्ये तेच अर्धं वाक्य डोक्यात. हार ताजे होते, आभार मानायचे मात्र राहिले. सर, एक दिवस घाई नसताना येईन. तो खरा प्रश्न शेवटपर्यंत ऐकेन, मध्ये तोंड उघडणार नाही. बोललोय ना, आता मोडणार नाही.