काकांच्या बसचे आरसे

आमच्या शेजारचे काका आयुष्यभर सिटी बस चालवून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी जो छंद लावून घेतला, तो आठवून डेपोतले त्यांचे जुने सोबती अजून पोट धरून हसतात. काका घरी बसून बस चालवतात. डेंटिस्टने सुट्टीच्या दिवशी विरंगुळा म्हणून घरच्यांच्या दाढा काढाव्यात, त्यातलाच हा प्रकार.

त्याचं झालं असं, की काकांच्या मुलीने नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना वडिलांकडे आणून टाकला. जावई हौशी. त्याने त्यात बस चालवण्याचा एक गेम घालून दिला, टेबलाला आवळून बसवायचं स्टेअरिंग आणलं, टेबलाखाली पायडलं ठेवली आणि म्हणाला, "बाबा, वेळ जाईल तुमचा." वेळ कसला जातोय! काका सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायांत बूट चढवून टेबलाशी बसू लागले. घरात बूट घालण्यावरून काकूंनी आवाज चढवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "चपला घालून अवजड वाहन चालवत नसतात."

काकूंचंही काम ठरून गेलं. त्यांनी मागे खुर्ची टाकून बसायचं. मागे कोणी बसलेलं नसलं की आपला ब्रेक जोरात लागतो, असं काकांचं म्हणणं. मग काकू मटार सोलत मागे बसायच्या आणि मधूनच ओरडायच्या, "अहो, सिग्नल!"

"दिसला मला."

"दिसला तर थांबा की."

"थांबलोच आहे. तू चष्मा पूस."

एवढ्या वर्षांच्या संसारात काकू नवऱ्याच्या बसमध्ये बसल्या असतील चार-पाच वेळा. आता रोजची पहिली फेरी त्यांची होती.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एक गोष्ट काकांना आतून खात होती. या बसचे दोन्ही बाजूंचे आरसे काळेकुट्ट होते.

काकांना ज्यांनी रस्त्यावर पाहिलंय त्यांनाच यातलं दुःख कळेल. डेपोत त्यांचं नावच 'आरसेवाले' पडलं होतं. गाडी ताब्यात घेतली की आधी खिशातल्या रुमालाने दोन्ही आरसे पुसायचे आणि मगच आत चढायचं. थांबा सोडताना आरशात एक शेवटची नजर टाकायची, आणि त्यात कोणी हात वर करून पळत येताना दिसलं की बस थांबलीच म्हणून समजा. आतले प्रवासी कुरकुरायचे, वरचे साहेब उशिराचा खुलासा मागायचे. काकांचा खुलासा ठरलेला. "दिसला, म्हणून थांबलो. दिसला नसता तर गेलो असतो." मी स्वतः कित्येक वर्षं त्यांच्या आरशाच्या जिवावर ऑफिसात वेळेवर पोचलो आहे.

आणि या गेममध्ये काय व्हायचं, तर बाजारापाशी एक थांबा होता. तो सोडला रे सोडला, की पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं उमटायची, 'एक प्रवासी मागे राहिला.'

"कोण राहिला?" काका दचकून विचारायचे.

"मला काय ठाऊक? मी आत बसलेय," काकू म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी काका त्या थांब्यावर आंधळेपणाने थांबून राहायचे. पडद्यातले प्रवासी बोंबलायला लागायचे. नाइलाजाने दार लावून निघालं की पुन्हा तीच लाल अक्षरं. त्यांची झोप उडाली. कोण असेल, म्हातारं माणूस असेल का, लेकुरवाळी बाई असेल का, असं जेवता जेवता बोलू लागले. शेवटी एका सकाळी त्यांनी बस बाजाराच्या थोडी अलीकडे उभी केली, हँडब्रेक ओढला आणि खुर्ची मागे सारली. "आरसा नाही, तर गाडी नाही."

पुढचे काही दिवस कॉम्प्युटर बंद झाला नाही आणि बसही हलली नाही. आतली माणसं आपली मुकाट बसलेली.

"त्या बिचाऱ्यांना उतरवा तरी," काकू कळवळून म्हणाल्या.

जावयाला बोलावणं गेलं. त्याने समजावलं, "बाबा, आरशात दिसायचं म्हणजे कॉम्प्युटरला तोच रस्ता तीनदा काढावा लागतो. समोरचा एकदा, आणि मागचा दोन आरशांत दोनदा. हे चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं ना, ते यात जुनं आहे. ते दमतं. म्हणून मी आरसे बंद ठेवलेत."

"दमायला काय झालं त्याला? मी दमलो होतो का कधी?"

जावयाने आरसे चालू करून दाखवले. आरसे उजळले खरे, पण बस असे आचके देत निघाली की काकूंना मळमळायला लागलं आणि मटाराचं ताट पालथं झालं.

"मग नवं कार्ड घेऊ," काका म्हणाले. जावई नुसता खोकला. तो खोकला कशाचा होता, हे मला आणि काकांना दुकानात गेल्यावर कळलं.

दुकान एका व्यापारी इमारतीच्या तळघरात होतं. छतापर्यंत खोकी, आणि त्या खोक्यांच्या मधोमध दुकानवाल्या बाई. चाळिशीच्या, अंगाने भरलेल्या, केसांच्या अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. पाठीमागे पांढरा फळा, त्यावर त्या दिवसाचे भाव. भाजीसारखे रोज पुसून नव्याने लिहिलेले.

"कोणता गेम खेळता काका? सेकंदाला किती फ्रेम पाहिजेत?" बाईंनी विचारलं.

"फ्रेम-बिम नको. मागचा माणूस किती लांबून दिसतो ते सांगा."

बाईंचा हात अंबाड्यापाशीच थांबला. असं गिऱ्हाईक त्यांच्या तळघरात कधी उतरलं नसावं. काकांनी त्यांना बाजाराचा थांबा, काळे आरसे, लाल अक्षरं, सगळं सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं आणि खरं ते सांगितलं. स्वस्तातल्या कार्डावर आरसा दिसेल, पण त्यात जवळच्या गाड्या तेवढ्या दिसतील. लांबून पळत येणारा माणूस त्यात येणार नाही. तो हवा असेल तर वरचं कार्ड. त्यांनी खोकं उघडून दाखवलं. बांधकामाच्या दोन विटा एकावर एक ठेवाव्यात एवढं धूड, आणि त्याला तीन पंखे.

मी किंमत ऐकून भिंतीला टेकलो. काका मात्र घरी येऊन काकूंना शांतपणे म्हणाले, "चांगल्या फ्रिजएवढं आहे." काकांची एक ठेव पुढच्या महिन्यात सुटणार होती. काकूंनी मान हलवली. फ्रिज चालेल, म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात पैसे घेऊन गेलो, तर फळ्यावर फ्रिज आणि वर एक वॉशिंग मशीन. काका परत आले, इकडचं तिकडचं करून वॉशिंग मशीनची सोय केली आणि पुन्हा गेलो. तोवर भावात एक सोफा येऊन बसला होता. मी आयुष्यात सोन्याचे भाव चढताना पाहिले आहेत, जमिनीचे पाहिले आहेत. पण तीन पंख्यांची एक पेटी, जी ना अंगावर घालता येते ना जिच्यावर घर बांधता येतं, ती अशी जिना चढत जाताना पाहून माझी मतीच गुंग झाली. आम्ही पोचायचो आणि ती पुढे निघालेली असायची.

त्या दिवशी काका पहिल्यांदा चिडले. "ताई, माणूस तुमच्या मागे पळत येतोय, दिसतंय ना तुम्हाला? जरा आरशात बघत जा की!"

बाईंनी फळ्यावरचं फडकं खाली ठेवलं. "काका, मी ड्रायव्हर असते तर थांबलेच असते हो. मी पण मागच्या दाराला लटकलेय. मोठ्या कंपन्यांना विचार करणारी यंत्रं बनवायचीत. त्यांना याच चिपा लागतात आणि त्या हजारोंनी उचलतात. आपल्याकडे काय, उरलंसुरलं. वरून मला रोज सकाळी नवा भाव येतो, तो मी लिहिते."

काकांचा राग जागच्या जागी विरला. "म्हणजे गाडी पहिल्याच थांब्यावर भरून येते," ते हळूच म्हणाले.

"अगदी तेच."

हा प्रकार त्यांना नीट कळत होता. भरून आलेल्या बसवर कोणी रागावत नाही, नुसतं बघत राहतं. घरी आल्यावर ते तसेच बघत बसले, समोर ती उभी बस आणि तिचे काळे आरसे. गाडी उभी असली तरी रोज चढवायचे ते बूट दोन दिवस त्यांनी घातले नाहीत.

तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांच्यासमोर बूट आणून ठेवले. स्वयंपाकघराचा ओटा बदलण्यासाठी त्यांनी काही रक्कम बाजूला ठेवली होती. तो ओटा एका बाजूने खचलेला, त्यावर ठेवलेला टोमॅटो आपोआप चालत नळापर्यंत जायचा. "घ्या ते पैसे," काकू म्हणाल्या. "मला पण बघायचंय, कोण राहतंय ते रोज."

काका रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

आम्ही तिघे तळघरात उतरलो. फळ्यावरचा भाव त्या दिवशी काकांनी जमवलेले पैसे आणि काकूंचा ओटा मिळून त्यात कसाबसा बसत होता, आणि दुकानात कार्ड एकच उरलं होतं. काकूंनी पर्समध्ये हात घातला.

"थांबा काकू," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "पैसे देण्याआधी बघून तरी घ्या. आत एका गिऱ्हाइकाची मशीन तयार आहे, हेच कार्ड आहे तिच्यात. उद्या द्यायचीय. देण्याआधी मी दिवसभर ताणून चालवते. एवढी महागाची वस्तू त्याच्या घरी जाऊन बंद पडली तर मी मेलेच."

आत टेबलावर ती मशीन घोंघावत होती. पडद्यावर एक केसाळ गोळा गरगर फिरत होता. कार्ड दमवायला हाच गोळा फिरवतात म्हणे, दिवसच्या दिवस. बाईंनी गोळा बंद केला, बसचा गेम लावला, कपाटातून स्टेअरिंग काढून टेबलाला आवळलं. काका खुर्चीत बसले. बसण्याआधी त्यांनी मशीनच्या पेटीवर हात ठेवून पाहिला, बॉनेटवर ठेवतात तसा.

आणि पडदा उजळला.

काय सांगू! तोच रस्ता, पण काचेतून बाहेर बघावं तसा. भिंतींवर ऊन होतं, साचलेल्या पाण्यात दुकानांच्या पाट्या उलट्या हलत होत्या, आणि डावीकडे, जिथे महिनोन्महिने काळं फासलेलं होतं, तिथे आरसा. आख्खा रस्ता त्या आरशात मागे मागे वाहत चालला होता, झाडं, खांब, सायकलवाला, सगळा. काकांनी खिशातून रुमाल काढला आणि पडद्यावर बरोबर तेवढी जागा पुसली. आमच्यापैकी कोणीही हसलं नाही.

बाजाराचा थांबा आला. लोक चढले. दार लावायचं बटण काकांच्या बोटाखाली होतं आणि डोळे आरशात. रस्ता रिकामा. मग अगदी लांब, वळणापाशी, एक ठिपका हलला.

"आलं कोणीतरी!" काका ओरडले.

"कुठे? कुठे?" काकू उठून उभ्याच राहिल्या.

ठिपका वाढत गेला. त्याला पाय फुटले, मग खांद्यावरची पिशवी दिसली, आणि मग वर केलेला हात. एक प्रौढ बाई होती, जरा जाडशी. धावणं तिला जमत नव्हतं, तरी ती धावत होती. पडद्यातले प्रवासी बोंबलत होते. दुकानवाल्या बाई स्क्रू-ड्रायव्हर मुठीत धरून पुटपुटत होत्या, "ये ग, ये लवकर." ती धापा टाकत चढली, काकांकडे बघून "आभारी आहे" म्हणाली. गेममधल्या सगळ्यांचा आवाज तोच, ठरलेला. पण काका मागे वळून म्हणाले, "बसा, सावकाश."

तळाशी अक्षरं उमटली, 'उशीर झाला. गुण कमी.'

काका इतके खूश होऊन हसले की त्यांना ठसका लागला. "बघा! इथेही खुलासा मागतायत!"

फेरी संपली तेव्हा दुपार कलली होती. काकूंनी डोळे टिपले आणि पर्स उघडली. काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ताई, अशी प्रत्येक मशीन चालवून बघता?"

"प्रत्येक. भाव चढल्यापासून तर जास्तच. लोकांचा जीव अडकलेला असतो त्यात."

"मग तो केसाळ गोळा कशाला फिरवता? मी चालवतो की. माझ्या बसला काय कमी दम लागतो?"

"अहो, पण मग ते कार्ड आपलं कुठे झालं?" काकू म्हणाल्या.

"अगं, बस कधी माझी होती?"

यावर काकूंनी पर्सची चेन लावली, ती इतक्या चपळाईने, की मला त्या टोमॅटोचा चालण्याचा शौक संपल्याची खात्री पटली.

तेव्हापासून आमच्या भागात जे कोणी पोटाला चिमटा काढून हे महागडं कार्ड घेतात, त्यांच्या घरी ते पोचण्याआधी काकांची एक पूर्ण दिवसाची ड्यूटी करून जातं. बाई फोन करतात, "काका, गाडी लागली आहे." काका बूट घालतात. काकू डबा घेतात आणि तळघरात एका रिकाम्या खोक्यावर मागे बसतात. भाव अजून चढतच आहेत. फळ्यावरचा आकडा बघायला काका आता मान वर करत नाहीत, पण कार्ड जेवढं महाग तेवढा आरसा लांबचा दाखवतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आहे.

परवा मी डोकावलो, तर नव्या कुठल्याशा कार्डावर बस बाजारापाशी उभी होती. "हे बघ," काका मला कुजबुजत म्हणाले. वळणाच्याही पलीकडे, चढावर, एक हात वर झालेला दिसत होता. चांगलंच लांब होतं ते माणूस. काकांनी हँडब्रेक ओढला, आणि काकूंनी डबा उघडला.