सूरजबाईनं जाळलेलं शिंग

कारंज्याच्या जवरीलालची बायको सूरजबाई मूळची आसामातली. तिच्या वडिलांचं गोलाघाटला किराण्याचं दुकान. लहानपणी तिथल्या ओढ्याकाठी तिनं एक गेंड्याची मादी पाहिली होती. शिकाऱ्यांनी कुऱ्हाडीनं शिंग मुळासकट काढून नेलेलं, आणि ती अजून श्वास घेत होती. पिल्लू ढुशा देऊन तिला उठवत होतं.

लग्न होऊन कारंज्यात आली, तर सासरच्या काष्ठौषधीच्या दुकानात बरणीत तसलंच शिंग! ताप हटेना की लोक ते उगाळून न्यायचे. सूरजबाईनं नवऱ्याला विनवलं, गिऱ्हाइकांना अडवलं, मंदिरात बायकांपुढे पदर पसरला.

"अवं, ते नखासारखं अस्ते. नख उगाळून ताप उतरते काय? तिकडे गेंडे संपून राह्यले!"

"गेंडा कुठी अन् आपन कुठी, सूरजबाई!" बायका हसायच्या.

शिकारीवर सरकारी बंदी आली, तरी बरणी जागची हलली नाही. शेवटी शहात्तर साली एका दुपारी तिनं शिंग चुलीत घातलं. जळक्या केसांचा वास घरभर झाला. जवरीलाल भरल्या ताटावरून उठला आणि तिच्याशी बोलेनासा झाला.

त्याच पावसाळ्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा रूपला धापा टाकत दुकानात आला. बायको नानीबाई बाळंत झाली होती, अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं.

"शेठ, जरासं शिंग द्या. माह्या मायले त्यानंच गुण आला होता."

"तिले विचार," जवरीलालनं बायकोकडे बोट केलं. "तिनं जाळलं."

रूपलानं तिचे पाय धरले. "बाई, काहून जाळलं वो?"

"भाऊ, शिंगात काही नाही. चाल, तिले दवाखान्यात नेऊ."

ओळखीच्या व्यापाऱ्याची जीप मागून सूरजबाई स्वतः तांड्यावर गेली. परतताना चाकं चिखलात रुतली. नानीबाईचं डोकं मांडीवर घेऊन ती ओलं फडकं ठेवत राहिली, "डोळे उघड, माय" म्हणत राहिली. कारंजा दिसण्याआधीच नानीबाई गेली.

"एका जनावरापायी माही बायको गेली," रूपला एवढंच म्हणाला.

शिंगानं ती वाचली नसती, हे सूरजबाईला पक्कं ठाऊक होतं. पण ते त्याला सांगणार कोणत्या तोंडानं? तांड्यावरच्या लोकांनी दुकानात येणं सोडलं. जवरीलालनं कुठूनसा शिंगाचा दुसरा तुकडा आणला आणि बरणीला कुलूप लावलं. तरी ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून, शिंगात औषध नाही, हेच सांगायची. लोक मान फिरवून आत जायचे.

दिवाळीनंतर नानीबाईचं लेकरू कडेवर घेऊन तिची बहीण भागिरथा बाळघुटीचं औषध न्यायला आली. सूरजबाई खाली मान घालून बाजूला झाली. भागिरथाच थांबली.

"बाई, शिंग काढलं का ते जनावर लगेच मरते काय?"

"नाही वो," सूरजबाई पायरीवर बसली. "लगेच नाही मरत."

भागिरथा लेकराला मांडीवर घेऊन ऐकायला तिच्याजवळ टेकली.