वटीवर करोडगिरी न्हाई

आमचे नाकेदार गाडीजवळ गेले की आधी डोळे मिटून वास घ्यायचे. पोत्यांखाली गूळ आहे की मिरची, ते हात न लावता सांगायचे. निजामाच्या राज्यात ते करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई होते. राज्य गेलं, नाका गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

दुष्काळात जिल्ह्याबाहेर कडबा न्यायला बंदी आली आणि उमापूरच्या पुढे, नगरच्या हद्दीवर, पुन्हा नाका बसला. आमच्या सोसायटीने तिथे नाकेदारांना बसवलं आणि पंचनामे लिहायला मला. पकडलेला कडबा सोसायटीच्या गुरांच्या छावणीत जायचा. दिवसभर धूळ खायची आणि लोकांच्या शिव्या. मी अगदी कंटाळून गेलो होतो.

पंचनाम्यात मी ‘चोरटा माल’ लिहायचो. एकदा ते म्हणाले, “चोरटा म्हंजी चोरलेला न्हाई बे. मानसाचा सोताचाच आसतो, पन चोरून न्यावा लागतो. आमच्या टायमाला मीठ चोरटं व्हतं, कापड व्हतं. मधी जवारी झाली. आता कडबा.”

जुन्या नोकरीतली एकच गोष्ट ते अभिमानाने सांगत. माहेराहून निघालेल्या बाईची ओटी त्यांनी कधी तपासली नव्हती. “वटीवर करोडगिरी न्हाई,” हे त्यांचं पालुपद.

त्यांची लेक सखू हद्दीपलीकडे दिलेली. उन्हाळ्यात ती माहेरी आली आणि परत निघाली तेव्हा गाडीत बापाच्याच गंजीतला कडबा होता. आईने भरून दिलेला. नाकेदारांनी गाडी अडवली.

“आबा, गाय उठंना झालीय.”

“माय, सकाळी लोकांच्या गाड्या खाली केल्यात. तुझी कशी सोडू?”

“मग वटीत घाला.” तिने पदर पसरला.

त्यांनी एक पेंढी पदरात घातली. तिने ती हद्दीपलीकडे नेऊन ठेवली, परत आली आणि पुन्हा पदर पसरला. “वटी एकदाच भरत्यात, माय,” नाकेदार म्हणाले. बाकीचा कडबा छावणीत गेला. पंचनामा मीच लिहिला.

सखू दिवाळीला आली नाही. पुढच्या साली पीक आलं, बंदी उठली, तेव्हा नाकेदार स्वतः गाडीभर कडबा घेऊन तिच्याकडे गेले आणि भरली गाडी घेऊनच परतले.

“आज कुनी चोरटा म्हनलं न्हाई बे,” ते आपणहून म्हणाले. “पन खुट्याला गायच न्हाई.”

ते पालुपद त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.